येरेवानची तलवारवाली आई

इथे आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, मेडिकलला भारतातली पुष्कळ मुलं आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे आईबाबा भेटायला आले, की मी त्यांना आधी हाघतानाक पार्कच्या टेकडीवर नेते. तिथे ‘माइर हायास्तान’, आर्मेनिया माता उभी आहे. तांब्याची २२ मीटरची मूर्ती, चौथऱ्यासकट ५१ मीटर. तुळजापूरच्या भवानीपुढे हात जोडत वाढलेल्या आपल्या माणसांना तलवारवाली आई नवी नाही. पण हिने तलवार उगारलेली नाही, आडवी धरली आहे. ढाल पायाशी आहे.

आर्मेनिया सोव्हिएत संघात होता तेव्हा हिच्या जागी आधी स्टॅलिन होता! १९५० मध्ये उभा केलेला तो पुतळा १९६२ मध्ये उतरवला आणि १९६७ मध्ये शिल्पकार आरा हारुत्युन्यान यांची ही आई तिथे आली. चौथरा मात्र स्टॅलिनसाठी बांधलेलाच राहिला. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो हा चौथरा घडवणाऱ्या रफायेल इस्रायेल्यान यांच्याबद्दल. बाहेरून ती साधी चौकोनी दगडी इमारत दिसते. आत पाऊल टाकलं, की मांडणी सातव्या शतकातल्या सेंट ह्रिप्सिमे चर्चची आठवण करून देते. देवाधर्माला थारा न देणाऱ्या राजवटीत, खुद्द स्टॅलिनच्या पायाखाली, या माणसाने आपल्या लोकांचं देऊळ बांधून ठेवलं. केवढी हिंमत! आता आत लष्करी संग्रहालय आहे.

ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या नरसंहाराने असंख्य मुलं पोरकी झाली. ग्युम्री शहरात, तेव्हाच्या अलेक्झांड्रोपोलमध्ये, हजारो मुलांना सांभाळणारे अनाथाश्रम होते. २४ एप्रिल १९६५ ला, पन्नास वर्षं झाली तेव्हा, येरेवानचे लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर १९६७ मध्येच त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर नरसंहाराचं स्मारक झालं. म्हणजे एकाच वर्षात एका टेकडीवर शोकाला जागा मिळाली आणि दुसरीवर आई उभी राहिली. आई गमावलेल्या पिढीच्या मुलाबाळांना ती रडणारी नको होती, ताठ उभी असलेली हवी होती, असं मला तिच्याकडे बघताना दर वेळी वाटतं.

यायचं तर एप्रिलमध्ये या. ७ तारखेला इथे मातृत्व आणि सौंदर्य दिन असतो, २४ ला नरसंहाराचा स्मृतिदिन. हवा स्वच्छ असली तर टेकडीवरून अरारात पर्वतही दिसतो. आणि चौथऱ्याच्या आत नक्की जा, नुसता मूर्तीसोबत फोटो काढून परतू नका.