स्प्रिंट की कानबान? आधी काम येतं कसं ते बघा

महापे, ऐरोली, वागळे इस्टेट, कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत विचारा, ‘आम्ही अजाइल करतो’ (थोडं थोडं करून दाखवत, बदलत पुढे जातो) हेच ऐकू येतं. पण पद्धत कंपनीची नसते, प्रोजेक्टची असते. एकाच मजल्यावर तीन टीम तीन पद्धतींनी काम करत असतील, तर त्यात गैर काही नाही.

मागच्या दोन महिन्यांची टिकिटं, म्हणजे टीमकडे नोंदवलेली कामं, काढा. ‘आजच पाहिजे’ म्हणत मध्येच घुसलेली किती, ते मोजा. चारातलं एक तसं असेल, तर दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे आधीच काम ठरवून घेतलेला ठरावीक काळ, टिकत नाही. सोमवारी ठरलेलं बुधवारी मोडतं आणि हळूहळू प्लॅनिंगवरचा टीमचा विश्वासच उडतो. अशा सपोर्टच्या कामाला कानबान बरं: प्रत्येक कामाचं कार्ड बोर्डवर रकान्या-रकान्यातून पुढे सरकतं आणि जागा झाली की नवं काम घेतात.

मात्र कानबान म्हणजे नुसता बोर्ड नव्हे. रकान्यात एका वेळी किती कार्डं, ही मर्यादा हवीच. नाहीतर टेस्टिंगच्या रकान्यात ढीग साचतो. १२ कामं उघडी आणि आठवड्याला ३ संपतात, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे. वेग तोच राहून उघडी कामं ६ वर आली, की २ आठवडे. टेस्टिंगला ३ ची मर्यादा घातली, तर चौथं कार्ड पुढे सरकत नाही. डेव्हलपरला टेस्टरशेजारी बसून आधीची मोकळी करावी लागतात. सुरुवातीला कुरकुर होते. ती सोसावी, मर्यादा वाढवू नये.

नवं ॲप असेल आणि नक्की काय हवंय ते क्लायंटलाच वापरल्याशिवाय कळणार नसेल, तर स्क्रम, म्हणजे स्प्रिंटमागून स्प्रिंट काम आणि प्रत्येकाच्या शेवटी क्लायंटला डेमो. अट एकच: ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस डेमोला हजर हवा. भिवंडीच्या गोदामाचं ॲप असेल, तर प्रत्यक्ष स्कॅन करणाऱ्यालाही बोलवा.

रक्कम आधीच ठरलेल्या फिक्स्ड प्राइस टेंडरला वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा संपवून मगच पुढचा, चालतो, कारण पैसेच टप्प्यांना बांधलेले असतात. पण सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या ज्या लेखात हे टप्पे मांडले, त्यातच एका फेरीत सगळं उरकणं धोक्याचं म्हटलंय. म्हणून सर्वांत अवघड तुकडा आधी करून बघा. आपल्याकडे तो बहुधा जुना मराठी डेटा असतो. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली नावं बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. साइन-ऑफआधीच (क्लायंटच्या मान्यतेआधीच) ५०० नोंदी बदलून मराठी वाचणाऱ्याकडून तपासून घ्या; नंतर सापडलं, तर ते काम कोणाच्या खर्चाने, यावरच महिना जातो.