आठवी ‘ब’मधला एक शब्द

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा बक्षिसे आणि स्नेहसंमेलने यांच्याआधी आठवला तो ‘फ्राउस्टी’ हा इंग्रजी शब्द. जुलैतल्या एका दुपारी, पावसाची झड आत येऊ नये म्हणून आम्ही आठवी ‘ब’च्या साऱ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, ओले गणवेश, डोक्यांना चोपडलेले खोबरेल आणि नुकतेच खाऊन मिटलेले डबे यांचा वास कोंडलेल्या त्या वर्गाच्या दारात इंग्रजीचे सर क्षणभर थबकले आणि आत येऊन त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला.

अर्थ म्हणून कोणी ‘कोंदट’ सांगितले, कोणी ‘कुबट’. सरांनी दोन्ही उत्तरे अर्धीच मानली. कोंदट खोलीत वारा नसतो, इतकेच. कुबट वास तर ओल धरलेल्या, वर्षानुवर्षे कुलूपबंद खोलीलाही येतो आणि तिला इंग्रजीत ‘मस्टी’ म्हणतात. तशाच शिळ्या वासाच्या ‘फस्टी’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधल्या लाकडी पिंपात आहे, पिंपाचा वास लागलेल्या पेयाला तो शब्द होता. फ्राउस्टी खोलीत मात्र माणसांचा वावर हवा, त्यांच्याच श्वासांनी हवा उबट आणि शिळी झालेली हवी. यावरून झालेले ‘फ्राउस्ट’ हे क्रियापद तर अशा उबेत सुखाने लोळत पडण्यासाठीच आहे. इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगने १९०२ सालच्या ‘जस्ट सो स्टोरीज’मध्ये, उंटाच्या कुबडाच्या गोष्टीला जोडलेल्या कवितेत, शेकोटीपाशी पुस्तक घेऊन बसून राहणाऱ्यांसाठी ते वापरले आहे. (विशेषणाची कोशातली पहिली नोंद १८६५ची, आणि किपलिंगचा मुंबईतला जन्मही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.)

नव्या शब्दाच्या नादात मी सहामाहीच्या निबंधात ‘फ्राउस्टी आभाळ’ लिहिले. आपल्याकडे हवा उघड्या माळावरही कुंद होते, त्यामुळे मला दोन्ही एकच वाटले. ‘आभाळाच्या खिडक्या कोणी लावल्या?’ असे सरांनी समासात तांबड्या शाईने विचारले आणि अर्धा गुण कापला. तो रास्तच होता.

पुढे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये एक हिवाळा काढला. कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांना हा शब्द ठाऊक नव्हता. एका रविवारी घरमालकीणबाई माझ्या खोलीत डोकावल्या, तेव्हा ओशाळून मीच तो उच्चारला. ‘माझ्या आईनंतर हा शब्द आजच ऐकते आहे, तुम्हाला कुठे मिळाला?’ असे विचारत त्यांनी खिडकी वर सरकवली. मी ‘आठवी ब’ म्हणालो, पण ते त्यांना कळण्यासारखे नव्हते.