इंजिन होतंय, पत्रा होत नाही

मंगळवारी गाडी पासिंगला घेऊन गेलो आणि घरी बसने आलो. गाडी बंद पडली नव्हती. त्यांनी नेऊच दिली नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीतला पाचवा हिवाळा तोंडावर आलाय, पण हा नियम पहिल्यांदाच अंगावर आला. आपल्याकडे नवी गाडी घेतली की पीयूसीची चिठ्ठी सोडल्यास पंधरा वर्षं पासिंगचं कोणी विचारत नाही. इथं तीन वर्षं झाली की दर वर्षी. 2018 पासून दोषांच्या पायऱ्या केल्यात: किरकोळ, मोठा, धोकादायक. मोठा निघाला तरी जुनं सर्टिफिकेट मुदतीत असेल तर गाडी घरी नेता येते. धोकादायक लिहिलं की संपलं. तरीही रस्त्यावर आणली तर 2,500 पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर तीन पॉइंट, वर गाडी चालवायला बंदीही येऊ शकते. मी तरी म्हणालोच, "दोन मैल तर जायचंय, हळू नेतो." तपासणाऱ्या पोरानं असं बघितलं, जणू मी नोट पुढे केली. (खिशाकडे हातसुद्धा गेला नव्हता, शपथेवर सांगतो.)

2004 ची दोन सीटची उघडी गाडी, लाल. 2021 मध्ये 1,900 पौंडांना घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. वीस वर्षं झालेल्या गाडीबद्दल कंपनीला काय बोलायचं? बारावीत असताना चोर्ला घाटात आमच्या जीपला मागे टाकून अशीच एक गाडी गोव्याकडे गेली होती. तेव्हापासूनचं खूळ.

फसवलं कुणी नाही. इथं गाडीचा नंबर टाकला की आजवरच्या तपासण्या सरकारी साइटवर फुकट दिसतात. कधी नापास झाली, कशामुळे, मैल किती झाले होते, सगळं. आपल्याकडे सेकंडहँड घेताना "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त हॉस्पिटलला जायची" एवढ्यावर भागवायचं. बेळगावात जितक्या डॉक्टरांच्या गाड्या विकल्या गेल्या तितके डॉक्टर नाहीत. माझ्या गाडीच्या पानावर, दाराखालचा डावा सिल (गाडीच्या कडेचा लांब पत्रा) गंजतोय, ही ओळ लागोपाठ तीन वर्षं होती. वाचली, आणि लाल रंग बघून घेतली.

पहिल्या वर्षी रेडिएटर, मग छताचं कापड, मग अल्टरनेटर. या मार्चमध्ये हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, गेलं. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून ताकावर येतो तसा पिवळट लोण्याचा थर. कूलंट ऑइलमध्ये उतरलं की हे असं होतं. हेड वाकलं होतं, फेसिंग मारावं लागलं, म्हणजे घासून सपाट करावं लागलं. बिल 1,100 पौंड, त्यातलं सामान दीडशेचंही नसेल. बाकी मजुरी.

इथं मला बेळगावची उद्यमबाग, आमची कारखान्यांची वसाहत, आठवते, आणि आठवली की मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवतो. आमच्याकडे पार्ट मिळत नाही म्हणून गाडी उभी राहत नाही. एका शेडमध्ये ओततात, शेजारच्या शेडमध्ये लेथवर चढवतात, चहा येईपर्यंत हातात. बेळगावच्या फौंड्र्यांचा माल परदेशात जातो. आणि कॉव्हेंट्रीत, जिथं एके काळी गल्लोगल्ली गाड्या बनायच्या, अल्टरनेटर उघडून बघायलाही कुणी तयार नाही. ब्रश झिजलेत, दोन ब्रश टाकले की काम झालं. पण नाही, अख्खा नवा. मेकॅनिक म्हणाला, उघडायला माझे जेवढे तास जातील तेवढ्यात नवा बसतो. तासाचा हिशेब त्याचा बरोबर आहे. उद्यमबागेत फाइल घासत बसलेल्या पोराच्या हातात महिन्याला काय पडतं, हे मी ऑफिसात सांगत नाही.

"सोडून दे" असं मार्चपासून सगळेच म्हणत होते. पण बेळगावकराला ते सांगणं सोपं नाही. 1956 मध्ये राज्यं वाटली गेली तेव्हापासून आम्ही एक गोष्ट धरून बसलोय. 2004 पासून ती सुप्रीम कोर्टात आहे. बाबा अजून 1 नोव्हेंबरच्या आदल्या रात्री काळी फीत शोधतात. त्या घरातला पोरगा सिलच्या एका भोकासाठी गाडी सोडेल?

गुरुवारी गॅरेजात जाऊन खानापूर रोडच्या मिस्त्रीमामांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांची स्कूटर त्यांनीच सत्तावीस वर्षं जगवली. वाटलं होतं, इथल्यांना चार शिव्या घालतील आणि वेल्डिंगचा काहीतरी तोडगा काढतील.

"स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोक बघू. पुढनं मागं ये."

टण, टण, टण. सीटच्या शेजारी आल्यावर पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज.

"दाब तिथं."

अंगठा आत गेला. तांबडे पापुद्रे बाहीवर पडले. सीटबेल्टचा बोल्ट तिथून वीतभरावर.

"काय टाकतात रे तिथं रस्त्यावर?"

"मीठ. थंडीत बर्फ धरू नये म्हणून."

"मीठ?" मामा बराच वेळ बोललेच नाहीत. "लोणचं घातलंय की मग गाडीचं. सोड आता. इंजिन होतंय रे, पत्रा होत नाही. एक पॅच मारशील, त्याच्या कडंनं पुढचा सुटंल. बेल्ट ज्याला धरलाय तेच कुजलंय, आन् तू त्यात बसून जाणार?"

मी आजवरच्या खर्चाचा आकडा सांगायला लागलो. "घातलेलं सांगू नको," मामा म्हणाले, "पुढं किती लागंल ते सांग." दोन्ही सिलचे 1,400, आणि उघडल्यावर वाढतील. हेच मला गॅरेजवाल्यानं मार्चमध्ये सांगितलं होतं, जवळपास याच शब्दांत. तेव्हा तो इंग्रज होता.

भंगारवाला सोमवारी येतोय. रोख देणार नाही. 2013 च्या कायद्यानं इथं भंगाराचे पैसे रोखीत द्यायला बंदी आहे, खात्यावरच येतात. गाडी मोडल्याचा दाखलाही मिळतो.

फोन ठेवता ठेवता मामांनी विचारलं, "हेड अ‍ॅल्युमिनियमचं हाय न्हवं? आन् फेसिंग मारलेलं?"

"हो."

"मग भंगारात कशाला घालतोस? दिवाळीला येताना आण की."

"मामा, ते बसवणार कशाला?"

"असू दे. ठेवतो."

गाडी रस्त्यावर नाही, असं आज सकाळी सरकारला कळवलं. गॅरेजवाल्याकडून शनिवारपुरती सॉकेटची पेटी मागून घेतली. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. विमानात 23 किलो न्यायला मिळतात. आईनं जाड ब्लँकेट सांगितलंय; तिला अजून काही बोललो नाही.