ड्रेनेजच्या चरात कबरी निघाल्या तेव्हाची गोष्ट

मी सिव्हिल इंजिनिअर, मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडात यॉर्कशायरला. मागच्या वर्षी एका खेड्याच्या कडेला घरांची साइट होती आणि ड्रेनेज माझ्याकडे. जागा जुन्या गावठाणाला लागून, त्यामुळे परवानगीतच अट होती की वरची माती काढताना आर्किऑलॉजिस्ट हजर पाहिजे, आणि त्याचा खर्च बिल्डरनं करायचा. आमचे साहेब म्हणाले, काही निघत नसतं, फॉर्मॅलिटी असते.

तिसऱ्या दिवशी निघालं. मशीनला दात नसलेलं बकेट लावलं होतं, म्हणजे माती उकरली जात नाही, साय काढल्यासारखी थराथराने निघते. आर्किऑलॉजिस्ट मुलीनं एकदम हात वर केला. मला काही दिसेचना. मग तिनं बोटानं दाखवलं, खालच्या पांढऱ्या खडूच्या जमिनीत काळपट लांबट चौकोन, एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेला. एकात तिनं छोट्या थापीनं चार बोटं माती सारली तर करवंटीसारखं तपकिरी काहीतरी गोल दिसलं, आणि ते काय आहे हे कोणी सांगायची गरजच पडली नाही.

काम बंद. माणसाची हाडं म्हटल्यावर आधी पोलिसांना कळवायचं, कारण अलीकडची असतील तर ती केस होते. जुनी आहेत हे ठरलं की मग खरा कागदांचा खेळ. आपल्याकडे उठाव चालू होता त्याच 1857 सालचा दफनाचा कायदा, म्हणजे बरियल अ‍ॅक्ट अजून लागू आहे आणि त्याखाली मिनिस्ट्री ऑफ जस्टिसचं लायसन्स हातात आल्याशिवाय हाड जागचं हलवता येत नाही. (जागा चर्चच्या ताब्यातली असती तर चर्चची परवानगी वेगळी, तेवढं तरी वाचलं.) अर्ज आर्किऑलॉजीवाले करतात, पण त्यांना नकाशे, लेव्हल्स, पाइप नेमका कुठून जातो हे सगळं द्यायचं माझ्याकडे, आणि रोज सकाळी साहेबांचा फोन, आलं का, आलं का. एकदा मीच त्या मुलीला म्हणाले की पाइपच्या आड येणाऱ्या कबरी दोन-तीनच आहेत, तेवढ्या पटकन काढू या ना. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. अजून आठवलं की लाज वाटते.

लायसन्स आलं त्यात अटी होत्या, रस्त्यावरून दिसू नये म्हणून आडोसा करा, सगळं आदरानं करा, हाडं शेवटी कुठे जाणार ते ठरवा वगैरे. मग हिरव्या जाळीआड काम सुरू झालं. सगळ्यांची डोकी पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा तोंड पूर्वेकडे असेल. सोबत भांडं नाही, मणी नाही, काही नाही. मला शाळेच्या ट्रिपला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये पाहिलेलं, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या खोदकामातलं दफन आठवलं, तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण आणि त्यात तान्हं बाळ, घराच्या जमिनीखाली पुरलेलं. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. हे रेडिओकार्बनवर, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून वय काढतात त्या चाचणीत, तेराव्या-चौदाव्या शतकातलं निघालं, म्हणजे साधारण आपल्या ज्ञानेश्वरांच्या काळातलं.

एक सांगाडा लहान मुलाचा होता. जबड्यात दुधाची दाढ आणि जिथं हाड तुटलं होतं तिथून आत, वर यायची वाट बघत बसलेला पक्का दात दिसत होता. दातावरूनच वय काढतात, सात-आठ म्हणाली ती. माझी लेक तेव्हा सातची, त्याच आठवड्यात तिचा पुढचा दात पडला होता. मी जरा लांब जाऊन उभी राहिले.

नंतर एका रविवारी मुद्दाम यॉर्कशायरमधल्याच व्हॅरम पर्सीला गेलो. उजाड गाव, छप्पर नसलेलं चर्च आणि गवताखाली घरांचे उंचवटे. 1500 च्या सुमारास मोकळं झालं, शेतीपेक्षा मेंढरं परवडायला लागली म्हणून. इतिहासकार मॉरिस बेरेस्फर्ड आणि आर्किऑलॉजिस्ट जॉन हर्स्ट यांनी 1950 ते 1990, चाळीस वर्षं तिथं खोदकाम चालवलं, जवळजवळ सातशे सांगाडे निघाले. त्या हाडांवरून कळलं की तिथली चौदा वर्षांची मुलं उंचीनं आजच्या दहा वर्षांच्या मुलांएवढी होती, आणि बाळं दीडेक वर्षं तरी अंगावर पीत होती. हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणे, मग मी त्यांच्या वर्गात सगळ्यात उंच.

आमच्या साइटवर शेवटी पाइपच्या वाटेतल्या तेवढ्याच कबरी काढल्या. बाकीच्या तशाच मातीखाली ठेवल्या, लाइन सहा मीटर सरकवली, एक मॅनहोल वाढला, इन्व्हर्ट लेव्हल्स, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाच्या पातळ्या, मी दोन रात्री बसून परत काढल्या. साहेबांना उशिराचा हिशोब द्यावा लागला तो वेगळाच.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तिनं लायसन्सचं वगैरे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज घरी आल्यावर आधी आंघोळ करत होतीस ना?" मी हो म्हणाले. करत नव्हते.