कोकणात जायचे आहे? आधी तिथी पाहा

दसरा जवळ आला की बडोद्याच्या दांडिया बाजारात एक प्रश्न हमखास निघतो, आणि माझे आजोळ मालवणचे असल्यामुळे तो माझ्याकडे वळवला जातो: दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचे आहे, तर कुठे राहावे आणि काय पाहावे? विचारणाऱ्यांत मराठी घरे असतात तसे गुजराती शेजारीही असतात, आणि दोघांकडेही तोवर हॉटेलांची यादी तयार झालेली असते. हॉटेल नंतर ठरवा, आधी भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि कोणत्या तिथीला निघणार ते सांगा, असे मी म्हणतो तेव्हा काहींना मी मुहूर्त काढून देणार आहे असेच वाटते.

मुहूर्ताशी याचा संबंध नाही. कोकणच्या किनाऱ्यावरची बहुतेक गंमत भरती-ओहोटीच्या वेळांवर अवलंबून आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला होडी करावी लागते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथील वाळूचा पट्टा, ज्याला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. आपल्याकडे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाची पिंडी दिवसातून दोनदा समुद्रात बुडते, हे पाहायला बडोदेकर वेळ विचारून निघतात. मालवणला जाताना मात्र तीच माणसे फक्त खोलीत शिरण्याची वेळ विचारतात.

वेळ काढण्याची युक्ती मला मामांनी बोटांवर शिकवली. पक्ष कोणताही असो, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, आणि अमावास्या किंवा पौर्णिमा असेल तर बाराच्या आसपास. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, त्याचेच हे गणित असल्याने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण सकाळी किनाऱ्यावर जावे की संध्याकाळी, एवढे ठरवायला ते पुरते. हा हिशेब कावी-कंबोईला मात्र लावू नये. खंभातच्या आखातात पाणी आत पोहोचायला काही तास जास्त लागतात, आणि तेथे भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्याही वर जातो; मालवणला उधाणातही तो दोन-अडीच मीटरच असतो.

आता आपली सुट्टी पाहू. भाऊबीज घरी करून निघायचे आणि लाभपाचमेला पेढी उघडायची, किंवा फार तर आणखी तीनचार दिवस ओढायचे, असा इथला रिवाज आहे. म्हणजे तुम्ही शुद्ध तृतीयेपासून अष्टमीपर्यंत किनाऱ्यावर असणार. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. पंचमीला ती साडेनऊपर्यंत सरकते. शिवाय अमावास्येनंतरचे पहिले दोन-तीन दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा बरेच मागे हटते. या सकाळी झोपून काढू नयेत. मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर त्या वेळी पावलापावलाला पाण्याची डबकी उघडी पडतात, आणि एकाच डबक्यासमोर पाच मिनिटे उकिडवे बसलात तर आधी रिकामे वाटलेले पाणी हलू लागते: शंखाच्या आतून खेकड्याचे पाय बाहेर येतात, खडकाला चिकटलेला मांसल गोळा पाकळ्यांसारखे बारीक हात पसरतो, आणि बोटाची सावली पडताच ते सगळे पुन्हा मिटते. जवळच बायका लहानशा लोखंडी हत्याराने खडकावरची कालवे फोडत असतात. त्यांच्या कामात अडथळा न आणता थांबलात तर काय खावे आणि काय खाऊ नये, हे फलकापेक्षा त्या चांगले सांगतात.

स्कूबा डायव्हिंगसाठी मात्र याच्या उलट हिशेब आहे. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतात, तळाची माती ढवळली जाते आणि पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगेची, म्हणजे कमी जोराची, भरती असते तेव्हा पाणी शांत आणि त्यामानाने स्वच्छ मिळते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत प्रवाळ आहे, आणि हा परिसर १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक धरून नेतो, त्यामुळे पोहता येत नसले तरी चालते. सर्दी झाली असेल तर मात्र जाऊ नये, कारण खाली उतरताना नाक दाबून कानांतला दाब सारखा करावा लागतो आणि चोंदलेल्या नाकाने ते साधत नाही. प्रवाळाला हात लावू नये. फोटोसाठी त्यावर उभे राहणारे पाहिले की माझे डोके फिरते.

सिंधुदुर्ग तर पाहणारच, पण होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि तेवढ्यात दरवाजा, शिवराजेश्वराचे मंदिर आणि एखादी विहीर एवढेच होते. आधीच बोलून नंतरच्या होडीने परतण्याचे ठरवावे. महाराजांनी १६६४मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. वळणे घेत जाणाऱ्या तटामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. चारही बाजूंना खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. तटावरून सबंध फेरी मारल्याशिवाय या किल्ल्याचा आवाका कळत नाही.

बनाना राईड आणि जेट स्की यांबद्दल मला सांगण्यासारखे काही नाही. ते कुठेही मिळते. त्याऐवजी तारकर्लीला किंवा देवबागला सकाळी रापण ओढताना दिसली तर थांबावे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि माणसांच्या दोन रांगा ती टोके ओढत हळूहळू एकमेकींजवळ येतात. हात लावलात तर कोणी नाही म्हणत नाही, मात्र दोराने तळहात सोलवटतात. शेवटी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो, तारली आणि बांगडे उसळू लागतात, आणि तेथल्या तेथे वाटे पडतात. मासे न खाणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांनीही दोर ओढला आणि आपला वाटा खुशाल दुसऱ्याला देऊन टाकला.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, तेही अवश्य करावे. वेळासची कासवे दिवाळीत दिसणार नाहीत, त्यांची पिल्ले फेब्रुवारीनंतर बाहेर पडतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी पहिला पंधरवडा धरावा, कारण महिना संपता संपता प्रवासी होड्या बंद होतात आणि ऑगस्ट सरेपर्यंत किल्ल्यावर जाता येत नाही.

राहिला गाडीचा प्रश्न. बडोद्याहून वसईमार्गे कोकण रेल्वेने केरळकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच कुडाळला थांबत नाहीत. म्हणून थांबा पाहूनच तिकीट काढावे. रत्नागिरीला उतरून मालवण गाठण्यात अर्धा दिवस जातो. कुडाळ मिळत नसेल, तर रत्नागिरीलाच एक मुक्काम करून उक्षी किंवा कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पे पाहावीत; कशेळीचा कोरलेला हत्ती इतका मोठा आहे की त्याच्याभोवती चालत जाऊनच तो पाहावा लागतो, आणि त्याला भरती-ओहोटीची अडचण नाही. मालवणला पोहोचल्यावर खडक आणि किल्ला आधी उरकून डायव्हिंग अगदी शेवटच्या दिवशी ठेवावे, तोवर पंचमी उलटलेली असते.