पत्त्यांचा हिशेब ठेवणारा अभियंता

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी ब्रॉडबँड पुरवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तिची जोडणी ओळखणारा क्रमांक, पाहिला, तर तो बऱ्याचदा १०३ने सुरू होतो. आमच्या धंद्यात हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे कारण फारसे कोणी विचारत नाही. आयपीव्ही-४ या जुन्या, मर्यादित संख्येच्या पद्धतीतल्या पत्त्यांचा १०३ने सुरू होणारा हा गठ्ठा २०११ साली आशिया-प्रशांत विभागाला मिळालेला शेवटचा मोठा गठ्ठा होता, आणि साठा संपत आल्याचे आकड्यांनिशी वर्षानुवर्षे सांगत होते ते ऑस्ट्रेलियाचे जेफ ह्युस्टन.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांना जोडणारे आर्नेट उभे राहिले, तेव्हा तांत्रिक जबाबदारी त्यांच्याकडे होती; अमेरिकेशी संपर्क होता तो हवाई बेटांपर्यंतच्या, सेकंदाला अवघ्या ५६ किलोबिटांच्या उपग्रह जोडणीवर. १९९५ मध्ये आर्नेटचा व्यावसायिक भाग टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन दूरसंचार कंपनीकडे गेला, तसे तेही तिकडे गेले आणि २००५ मध्ये ब्रिस्बेनच्या एपनिक या आशिया-प्रशांत विभागात पत्ते वाटणाऱ्या संस्थेत आले. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड, इंटरनेट सोसायटीचे विश्वस्तपद, २०१२चा इंटरनेट हॉल ऑफ फेम, हे सारे आहेच. पण मला त्यांचे खरे काम मोजणीत दिसते.

२००३ मध्ये त्यांचाच अंदाज होता की पत्ते जवळपास दोन दशके पुरतील. पुढे मागणी वाढली, तसा त्यांनी अंदाज उघडपणे बदलला, आणि रोज नव्याने काढला जाणारा तो हिशेब कोणालाही पाहता येई. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागांना एकेक वाटले गेले. प्रत्येकात सुमारे १.६८ कोटी पत्ते. १५ एप्रिलला एपनिक त्या शेवटच्या गठ्ठ्यावर आले आणि प्रत्येक सदस्य कंपनीला किंवा संस्थेला त्यातून जास्तीत जास्त १०२४ पत्ते हा नियम लागू झाला. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२वर आली. हे नियम कोणत्याही सरकारने काढलेले नाहीत. खुल्या बैठकांत, वाद घालून, सहमतीने ते ठरतात, आणि वाद घालणाऱ्या सगळ्यांसमोर एकच हिशेब असल्याशिवाय अशी सहमती होणे कठीण, असे माझे मत आहे.

आयपीव्ही-६, म्हणजे कितीतरी जास्त पत्ते देणारी नवी पद्धत, किती पसरले, हे मोजण्याची त्यांच्या चमूची रीत तर खास दाद देण्याजोगी आहे. ते ऑनलाइन जाहिरात विकत घेतात. ती कोणाच्या पडद्यावर उमटली की, क्लिक न करताही, आतली छोटी स्क्रिप्ट काही अदृश्य चित्रे मागवते. त्यांतले एक फक्त आयपीव्ही-६वरूनच मिळते. ते पोहोचले की नाही, एवढेच सर्व्हरवर पाहायचे. या मोजणीत भारत बराच वर दिसतो, कारण २०१६ मध्ये आलेल्या जिओने सुरुवातीपासूनच आयपीव्ही-६ वापरले.

इतके असूनही ह्युस्टन अलीकडे म्हणतात की सेवा आता पत्त्यापेक्षा संकेतस्थळाच्या नावाने ओळखल्या जातात, म्हणून जुन्या पत्त्यांच्या टंचाईची धग कमी झाली आहे. मोठ्या कंपन्यांपुरते मला हे पटते. लहान पुरवठादाराकडे मात्र एका पत्त्यामागे अनेक घरे असतात, आणि पोलीस तपासासाठी येणाऱ्या पत्रात पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखू देणारा आकडा) नसला, तर नेमका ग्राहक शोधून देणे त्याला शक्यच होत नाही.