फळी कुजलेली आणि आम्ही शिव्या मशीनला

मेच्या शेवटी थ्रॉटल दिला की आमच्या होडीच्या मागे लावलेलं आख्खं मशीन (आउटबोर्ड इंजिन) मागे-पुढे डुलायला लागलं. काका म्हणाले, "बोल्ट ढिले झालेत, आवळ, काय होना नाय." आवळायला गेलो तर नट आवळतच गेला, वॉशर फायबरमध्ये रुतला आणि बोल्टाच्या कडेने चहाच्या रंगाचं पाणी आलं. पोटात गोळाच आला. बरं झालं १ जूनपासून मासेमारीला बंदी होती, म्हणजे ३१ जुलैपर्यंत होडी तशीपण पाण्याबाहेरच.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं फायबर, पण मशीन लागतं त्या मागच्या फळीत आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरची कातडी. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो, चांगल्या जागी टणक आवाज आणि कुजलेल्या जागी बद्द. खडूने खुणा करत गेलो आणि शेवटी चांगलं उरलं ते फक्त वरचे दोन कोपरे!

मिस्त्रीने सांगितलं बाहेरची कातडी ठेव, आकार तिच्यामुळे राहतो, आतूनच काप. कडेने तीनेक इंच सोडून ग्राइंडरने कापलं. आतलं प्लाय चहात बुडवलेल्या बटरासारखं हातात आलं. (ग्राइंडर मारायचा तर मास्क आणि फुल बाह्या, आणि नंतर गार पाण्यानेच आंघोळ. मी गरम पाणी घेतलं आणि रात्रभर खाजवत बसलो.)

मला वाटत होतं समुद्राने खाल्लं. मिस्त्री हसला, म्हणाला खाऱ्या पाण्याने लाकूड एवढं कुजत नाही, गोड्या पाण्याने कुजतं. तेव्हा ट्यूब पेटली, दर पावसाळ्यात होडी आंब्याखाली उभी, ताडपत्री फाटकी आणि खालचा पाणी सोडायचा प्लग घट्ट लावलेला, म्हणजे पावसाचं पाणी आत साचून बोल्टाच्या भोकांतून लाकडात. होडी समुद्रात नाही, आमच्याच अंगणात कुजली.

प्लाय मरीनच घ्यायचं, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. दुकानदार साधं ३०३ वालं गळ्यात मारत होता, "वॉटरप्रूफच आहे हो". जुनी जाडी ३८ मिमी होती म्हणून १९ च्या दोन शीट रेझिनने चिकटवल्या, जास्त जाड केलं तर मशीनचा क्लॅम्प बसत नाही. उंचीपण जुनीच, २० इंच, आपलं मशीन लाँग शाफ्ट, म्हणजे लांब दांड्याचं आहे.

रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला) टाकून नीट ढवळायचं, मगच हार्डनर. ते दोन एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो, मिस्त्री दोघांचे चमचेसुद्धा वेगळे ठेवतो. खरा त्रास हवेचा, जुलैच्या दमटीत काहीच नीट सुकत नाही, आठ दिवस नुसता हॅलोजन लावून कातडी वाळवली आणि उघडीप मिळाली तेव्हा काम केलं. जुन्याच भोकांतून बोल्ट घालून, दोन्हीकडून फळ्या लावून प्लाय दाबलं, रेझिन सगळीकडून बाहेर आलं पाहिजे, नाहीतर मध्ये पोकळी राहते. कोपरे पुट्टीने गोल केले, काटकोनात मॅट (फायबरच्या सुट्या धाग्यांची चादर) वळत नाही आणि खाली हवा धरते. मग मॅट, वोव्हन (विणलेलं फायबर), परत मॅट.

शेवटी बोल्टाची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्या इपॉक्सीत परत बोल्टाच्या मापाची पाडली, म्हणजे पाणी आलं तरी लाकडाला लागणारच नाही. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, आमच्या होडीत आधी कोणीतरी टाळलं होतं.

नारळी पौर्णिमेनंतर खाडीत उतरवली. काकांनी फुल थ्रॉटल दिला आणि पुढे बघायचं सोडून मागेच बघत होते. "हलना नाय." एवढंच म्हणाले.

प्लग आता मशीनच्या चावीला बांधलाय. होडी वर आली की चावीबरोबर तोपण घरात.